पाडव्यापर्यंत तिकडेच राहा

ता. आर्णी, जि. यवतमाळ
8 ऑक्टोबर 2025

चि. सौ. बेबीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

दादाजवळ चकलीचा डबा पाठवते आहे. हे पत्र डब्याच्या तळाला कागदाखाली ठेवलंय, चकल्या वाढायच्या आधी काढून घे. फोन केला असता, पण तुमच्याकडे तो सगळ्यांसमोर ओसरीत घ्यावा लागतो. आणि खरं सांगू, मलाही तोंडानं बोलता आलं नसतं. सतरा वर्षं आशा सेविकेचं काम करते, गावातल्या कितीतरी बायांना हे समजावलं, पण पोटच्या पोरीपुढे जीभ अडते.

मागच्या खेपेला, दिवस राहत नाहीत म्हणून तू न्हाणीघरात रडलीस. "आई, माझ्यातच काही खोट आहे का?" म्हणालीस. तेव्हा मी नुसती पाठीवरून हात फिरवला. नंतर तू कालनिर्णयच्या पानांचे फोटो पाठवलेस, ते मी रात्री बसून नीट पाहिले.

तुझ्या पाळीच्या खुणा आहेत 3 जून, 4 जुलै, 5 ऑगस्ट, 3 सप्टेंबर आणि 4 ऑक्टोबर. म्हणजे तुझी पाळी 29 ते 32 दिवसांनी येते. यात काही खोट नाही. आता गर्भ ज्यातून राहतो ते बाईचं बीज कधी सुटतं ते बघ. पाळी आल्यापासून चौदावा दिवस, हे सगळ्या बायांना पाठ असतं, आणि तिथंच चुकतं. मोजायचं उलटं, पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी. पाळी लांबते ती बहुतेक पहिल्या अर्ध्यात, बीज सुटल्यानंतरचे दिवस फारसे हलत नाहीत. या हिशेबानं तुझं बीज सुटलं 20 जून, 22 जुलै, 20 ऑगस्ट आणि 20 सप्टेंबरच्या आसपास.

बीज जगतं जेमतेम बारा ते चोवीस तास. पुरुषाचं बीज मात्र बाईच्या पोटात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतं. म्हणून बीज सुटायच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस, असे सहाच दिवस कामाचे. बाकी महिनाभर कितीही नवस बोला.

आता जवाईबापूंचं येणं मांड. नागपूरजवळच्या बुटीबोरीहून ते येतात पगार झाल्यावर, महिन्याच्या पहिल्या शनिवारी-रविवारी. जूनमध्ये 7-8, जुलैत 5-6, ऑगस्टमध्ये 2-3, सप्टेंबरमध्ये 6-7. अगं, दर वेळी तू एक तर बाहेरची, नाहीतर पाळीच्या तोंडाशी, नाहीतर नुकतीच उठलेली! पोळ्याला आले ते 22 ऑगस्टला, तेव्हा दोन दिवस उलटून गेले होते. लग्नाला सोळा महिने झाले म्हणून विहीणबाई बोट मोजतात, पण या चार महिन्यांत तुम्हाला खरी संधी एकदाही मिळालेली नाही. हे मी त्यांना सांगू शकत नाही. तू जवाईबापूंना सांग.

आता ती पांढऱ्या पाण्याची गोष्ट. "अंगावरून जातं" म्हणून जुलैत तुला कुणीतरी जत्रेतली पुडी आणून दिली, आणि तू ती पंधरा दिवस घेतलीस. मला आधी विचारलं असतंस तर! पाळी संपल्यावर काही दिवस कोरडं असतं. मग घट्ट, चिकट, पांढरट येतं. मग एक दिवस ते पातळ, निसरडं होतं, अंड्यातल्या कच्च्या पांढऱ्यासारखं, दोन बोटांत धरून ताणलं तर तार निघते. हा धुपणीचा आजार नव्हे, बीज सुटायला आलंय त्याची खूण आहे. या निसरड्या पाण्यात पुरुषाचं बीज टिकतं आणि वर सरकतं. तार निघण्याचा शेवटचा दिवस बीज सुटण्याच्या अगदी जवळचा, त्यानंतर पुन्हा घट्ट, कोरडं. लघवीला जाशील तेव्हा बघत जा. खाज सुटली, वास आला, दह्यासारखं किंवा हिरवट-पिवळं गेलं तर मात्र दवाखान्यात दाखवायचं, जत्रेत नव्हे.

तुझ्या बाबांना कुणी हे शिकवलं नाही, तरी लाल गाय माजावर आली की बळस, म्हणजे तिच्या अंगावरून जाणारी चिकट तार, पाहून सकाळीच ओळखतात आणि संध्याकाळी भरवून घेतात. गाईची बळस सगळा गोठा पाहतो, बाईची खूण तिची तिलाच पाहावी लागते. गाईशी तुलना केली म्हणून रागावू नकोस, पण मला समजवायला याहून सोपं काही सापडलं नाही.

अंगाचं तापमान मोजून ओळखायची रीत पुस्तकात आहे. उठल्या उठल्या, अंथरुणातच मोजायचं. तू पहाटे नळ आला म्हणून उठतेस, तेव्हा ते राहू दे. शिवाय तापमान वाढतं ते बीज सुटून गेल्यावर. मेडिकलमध्ये लघवी तपासायची पट्टी मिळते, ती दिवसभर-दीड दिवस आधी सांगते. पाहिजे तर जवाईबापूंनी बुटीबोरीहून आणावी, गावातल्या मेडिकलमधून घेतलीस तर संध्याकाळपर्यंत पारावर बातमी.

विहीणबाई म्हणतात ना, "सोळा रात्री मोजाव, समले पोरगा, विषमले पोरगी"? ऐकून घे, वाद घालू नकोस, पण मनावर घेऊ नकोस. पोरगा की पोरगी हे बापाच्या बीजावर ठरतं, रात्र सम की विषम यावर नाही.

त्या दिवसांत एक दिवसाआड जवळ आलात तरी पुरे. साठवून ठेवायचं नसतं. नंतर थोडं बाहेर आलं म्हणून घाबरू नकोस, जायचं ते वर गेलेलं असतं. आणि सगळं जमूनही पहिल्याच महिन्यात दिवस राहतीलच असं नाही. धडधाकट जोडप्यांतही एका महिन्यात चार-पाचांमागे एकीलाच राहतात.

जवाईबापूंना तंबाखूचा खर्रा सोडायला सांग. मी सांगितलं तर सासूचं बोलणं होईल. पुरुषाचं बीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, आज सोडला तर फरक संक्रांतीनंतर. होळीपर्यंत असं दिवस पाहून काही झालं नाही, तर दोघं मिळून तपासणीला जा आणि आधी त्यांची तपासणी करा. ती सोपी आणि स्वस्त, फक्त आधी दोन ते सात दिवस दूर राहावं लागतं. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही काही ना काही असतं, पण आपल्याकडे सोनोग्राफी नेहमी बाईचीच पहिली.

दोन कामं मात्र आत्ताच कर. उपकेंद्रातून फॉलिक अॅसिडची गोळी घे, 400 मायक्रोग्रॅमची, रोज एक. आणि दोघांची सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी करून घ्या. आपल्या भागात हा आजार घराघरांत दडलेला आहे, नुसत्या वाहकाच्या अंगावर काही दिसत नाही. दोघं वाहक निघालात तर दर बाळंतपणाला मूल आजारी निघण्याची चारात एक भीती असते, ते आधीच कळलेलं बरं. तुमच्या लग्नाआधी मीच मागे लागायला हवं होतं. आशाच्या घरीच राहून गेलं.

आता दिवाळीचं. या वेळी पाळी 4 ला आली, म्हणजे पुढची 2 ते 5 नोव्हेंबरच्या दरम्यान, आणि तुझे दिवस 14 ते 22 ऑक्टोबर. धनत्रयोदशी 18 ला, पाडवा 22 ला. जवाईबापूंना म्हणावं ओव्हरटाइम राहू द्या, सुट्टी दोन दिवस आधी टाका. मागच्या दिवाळीला तू वसुबारसेलाच आलीस आणि मी वाट पाहत होते. यंदा येऊ नकोस. पाडव्याचं तुझं तुझ्या घरी कर आणि 23 ला भाऊबिजेला दोघं या. दादाला काय सांगायचं ते मी बघते.

पत्र वाचून चुलीत टाक.

तुझी,
आई