ॲव्हरेज वाढवणाऱ्या चकतीबद्दल ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली.

माननीय महोदय,

सादर नमस्कार. एअर फिल्टरपुढच्या नळीत बसवायची पात्यांची एक चकती मी गेल्या वर्षी ऑनलाइन मागवली. तिने इंजिनात जास्त हवा जाऊन पिकअप वाढेल आणि ॲव्हरेज वीस टक्क्यांनी सुधारेल, असा जाहिरातीत दावा होता. सहा वेळा टाकी काठोकाठ भरून आणि किलोमीटर वहीत टिपून मी हिशेब केला, तेव्हा चकती लावल्याने पडलेला फरक रोजच्या रहदारीमुळे पडणाऱ्या फरकातून निवडून काढता येईना. ती चकती सध्या गॅलरीत एका कुंडीखाली आहे.

मेकॅनिककडे आधी विचारले असते तर पैसे वाचले असते. पेट्रोल इंजिनात हवा किती जाऊ द्यायची हे थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेतला पडदा, ठरवतो आणि शहरात तो बहुतेक वेळ अर्धवट मिटलेलाच असतो. त्यामुळे त्याच्या अलीकडची वाट मोकळी करून इंधन वाचत नाही. जास्त हवा आत गेलीच, तर इंजिनाचा संगणक ती सेन्सरने ओळखतो आणि एक भाग पेट्रोलला सुमारे 14.7 भाग हवा हे वजनी प्रमाण राखण्यासाठी पेट्रोलही वाढवतो. चकतीची पाती तर हवेच्या वाटेतच उभी असतात. 'इलेक्ट्रिक टर्बो' म्हणून विकल्या जाणाऱ्या छोट्या पंख्यांचे गणित आणखी कच्चे आहे: 1.2 लिटरचे इंजिन मिनिटाला 6,000 फेऱ्यांवर सुमारे 3,600 लिटर हवा ओढते आणि तिच्यावर थोडासा दाब चढवायलाही निदान दोन किलोवॉट, म्हणजे 12 व्होल्टवर दीडशेहून अधिक अँपिअर लागतात; एवढी वीज त्या छोट्या पंख्याला कुठून मिळणार? बॉनेटखाली उघडे बसवलेले शंकूच्या आकाराचे फिल्टर इंजिनाजवळची तापलेली, विरळ हवा ओढतात. मात्र त्यांचा आवाज भारदस्त असतो आणि तोच अनेकांना पिकअप वाटतो.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभरहून अधिक उपकरणे तपासली; लक्षणीय बचत करणारे त्यांत एकही सापडले नाही.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 21 नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण फसवी जाहिरात थांबवू शकते आणि 10 लाख रुपयांपर्यंत, पुन्हा तसेच केल्यास 50 लाखांपर्यंत दंड करू शकते. परंतु पाचशे-हजार रुपयांच्या वस्तूसाठी तक्रार करायला कोण जातो? दिवसभर गाडी चालवून पोट भरणाऱ्या टॅक्सीवाल्याला तर तेवढी सवडही नसते, आणि तीच चकती उद्या नव्या नावाने विक्रीला येते.

म्हणून विनंती अशी की, ॲव्हरेज किंवा पिकअप वाढण्याचा आकडा छापणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल त्याच पानावर द्यावा आणि तो नसेल तर ऑनलाइन बाजारपेठेने ती जाहिरात लावूच नये, असा आदेश प्राधिकरणाकडून निघावा. वाहने तपासणारी एआरएआय ही संस्था 1966 पासून पुण्यात आहे. ज्यांना आपल्या मालाची खात्री आहे, त्यांना तिच्याकडे जायला हरकत नसावी.

गरज भासल्यास माझी वही आणि चकती दोन्ही प्राधिकरणाकडे पाठवीन. कुंडीखाली दुसरे काहीतरी ठेवता येईल.

आपला नम्र,
एक वाहनधारक, पुणे