देवबागच्या होडीवाल्या काकांस

काका, सप्रेम नमस्कार.

आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत, हे ठाऊक आहे. ‘त्यात काय मोठा?’ म्हणाल आणि बांबू चिखलात रोवून होडी पुढे ढकलाल. पण दर हंगामात मालवणजवळच्या देवबागला माणसं घेऊन येणाऱ्या आम्हा मंडळींच्या वहीत जे जे कामाचं लिहिलंय, त्यातलं निम्म्याहून जास्त तुमच्या तोंडचं आहे. ते तुमच्या खात्यावर जमा व्हावं आणि नवख्या पाहुण्यांच्याही हाती लागावं, म्हणून हे पत्र उघडं लिहितोय.

पहिले आभार तिथीच्या हिशेबाचे. शहरातून येणारा माणूस सुट्टी बघून तारीख ठरवतो आणि मग ‘खाडीत पाणीच नव्हतं’ म्हणून कुरकुरतो. तुमचं गणित बोटांवरचं: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वा अकरा. ती वेळ दिवसाचीही आणि रात्रीचीही, आणि तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण. हिशेब ढोबळ आहे. अष्टमीच्या आसपास तर तासाभराचाही फरक पडतो, म्हणून छापील कोष्टक बघायलाही तुम्हीच सांगता. पण मोबाईलला रेंज नसताना कालनिर्णय आणि पाढे एवढ्यावर दिवस आखता येतो, हे केवढं मोठं काम आहे!

याच हिशेबावर तुम्ही खाडीतली फेरी बसवता. भरती पूर्ण व्हायच्या दोन तास आधी निघायचं. चढतं पाणीच होडीला कर्ली नदीच्या वरच्या अंगाला नेतं, वल्हं नुसतं दिशेपुरतं. पाणी थबकलं की दहा-पंधरा मिनिटं कांदळवनाच्या सावलीत उभं राहायचं आणि उतरत्या पाण्याबरोबर परत. उलटं केलं तर जाताना प्रवाहाशी झुंज, परतताना चिखलात होडी टेकलेली, आणि मग भरती येईपर्यंत उन्हात बसणं. इंजिनाची होडीही टेकते. पंख्यात वाळू जाते ते वेगळंच.

दुसरा हिशेब वाऱ्याचा. पहाटेपासून मतलई सुटलेला असतो, जमिनीकडून समुद्राकडे, आणि खाडी आरशासारखी पडून असते. साधारण अकराच्या पुढे खारा वारा उलटून येतो, पाण्यावर चुण्या पडतात. तोवर काठाला लागलेलं बरं. दोन्ही हिशेब जुळवले की खाडीसाठी उत्तम दिवस उरतात ते दोन्ही पक्षांतले दशमी ते त्रयोदशी: सकाळी साडेसात ते पावणेदहाच्या दरम्यान भरती पूर्ण होते, वारा अजून मतलई असतो आणि उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, अजून थोडा अवकाश असल्याने ओढही बेताची असते. आम्ही आता सुट्ट्यांचं कॅलेंडर नंतर उघडतो.

सगळ्यात मोठे आभार मात्र तुमच्या एका वाक्याचे. ‘सुकतीक संगमार जाव नको.’ म्हणजे ओहोटीला संगमावर जाऊ नको. गावाला एका बाजूने समुद्र, दुसऱ्या बाजूने कर्ली, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. आणि मोबारच्या टोकाला दोन्ही पाणी भेटतात. फोटोत ती जागा सगळ्यात देखणी आणि पोहायला सगळ्यात वाईट. कारण साधं आहे. भरतीला मैलोगणती आत गेलेलं पाणी ओहोटीला त्याच अरुंद तोंडातून बाहेर पडतं. ओहोटी सहा तासांची असली तरी पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात थोडंच, आणि मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं. उधाणाच्या दिवसांत इथे सुमारे 2 मीटर पाणी चढउतार करतं, म्हणजे त्या दोन तासांत मीटरभर. पौर्णिमेला ही वेळ दुपारी सव्वा ते सव्वातीन, नेमकी जेवून सुस्तावलेली माणसं ‘जरा डुबकी मारू’ म्हणतात ती. त्यात पश्चिमेचा वारा असला की बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारी लाट समोरासमोर भिडतात, आणि तोंडावर उभ्या भिंतीसारखं पाणी उसळतं. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पुढच्या पावलाखालची वाळू कातरलेली असते. तिथे चांगल्या पोहणाऱ्याचंही काही चालत नाही.

वाळूच्या दांड्याचंही तसंच. पाहुणे ज्याला त्सुनामी बेट म्हणतात, ते ओहोटीला उघडं पडतं आणि भरतीला पाण्याखाली जातं. पौर्णिमेच्या संध्याकाळी पाचच्या सुमारास पाणी अगदी खाली असतं, सूर्यास्त बघायला माणसं दांड्यावर रमतात. पाणी पुढून चढलं असतं तर दिसलं असतं. ते आधी पाठीमागच्या खोलगट पट्ट्यात भरतं, आणि वळून बघावं तो परतीची वाट कंबरभर. पायाखालची ओली वाळू पुन्हा मऊ लागायला लागली की निघायचं, ही तुमची खूण घड्याळापेक्षा खात्रीची.

जाकिटाबद्दलही लिहायलाच हवं, कारण पाहुणे ते गळ्यात हारासारखं घालून बसतात. तुम्ही प्रत्येकाला उभं करून जाकीट खांद्याशी धरून वर ओढता. कानापर्यंत सरकलं तर पट्टा ढिला, पुन्हा आवळा. लहान मुलाला मोठ्याचं जाकीट देत नाही, कारण पाण्यात पोर खालून निसटतं आणि जाकीट वर राहतं. आणि ते नसेल तर मूल होडीत घेत नाही, मग आईबाप कितीही रुसोत.

पायात काय घालावं यावरचं तुमचं मत आता आमचंही झालंय. रबरी चप्पल खाडीत कामाची नाही. चिखल ती ठेवून घेतो. मागे पट्टा असलेले सँडल हवेत, कारण कालवांच्या शिंपल्यांची कड ब्लेडसारखी असते आणि ती जखम चिघळते. लगेच गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवायची, बारीक कपची आत राहिली नाही ना ते बघायचं. चिखलात पाय रुतला तर झटका द्यायचा नाही. अंग मागे टाकून पाय हळूहळू हलवायचा, भोवती पाणी शिरलं की सुटतो. उथळ वाळूत चालताना पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत न्यायचे, म्हणजे खाली दडलेलं पाकट, शेपटीला काटा असलेला तो चपटा मासा, चाहूल लागून निघून जातं. त्याचा काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास ठेवायचा, त्याने कळ उतरते. नंतर मालवणला डॉक्टरकडे. काटा छातीत किंवा पोटात घुसला असेल तर तो उपटायचा नाही, तसंच न्यायचं.

आणि कांदळाच्या मुळांवरची ती रेघ! तुम्ही दाखवेपर्यंत ती कुणाला दिसत नाही. धनुष्यासारख्या वाकलेल्या मुळांवर कालवं चिकटलेली असतात, राखाडी, चुना थापल्यासारखी, आणि एका उंचीवर ती एकदम संपतात, सुतारानं दोरी मारल्यासारखी. त्याच्या वर त्यांना पुरेसा वेळ पाणी मिळत नाही. म्हणजे रोजची भरती निदान कुठवर येते ते झाडानेच लिहून ठेवलेलं. त्या रेघेच्या खाली पिशवी किंवा कॅमेरा ठेवू नका, एवढंच तुम्ही म्हणता. शेजारच्या तिवराचं पान जिभेला लावायला देता; खारट लागतं, कारण ते झाड जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं. शाळेच्या पुस्तकात हे असतं, पण जिभेवर आलं की विसरत नाही.

काकींचे आभार वेगळे. तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, त्यांच्याकडून शिकाव्यात: तीन-चार पाण्यांतून धुऊन मिठाच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवल्या की वाळू सोडतात; कच्च्या असताना तोंड उघडं असलेली आणि टिचकी मारूनही न मिटणारी टाकून द्यायची. पाहुण्यांना त्या एकच गोष्ट बजावतात, पाणी जपून वापरा. विहिरीत गोडं पाणी असतं ते वाळूत मुरलेल्या पावसाचं, खाली खारं. एप्रिल-मेमध्ये उपसा वाढला की तेच पाणी मचूळ होतं. शॉवरखाली वीस मिनिटं उभं राहणाऱ्याला हे कळायला हवं. बादलीभर पुरतं. झोपाळा माडाखाली बांधू नका हेही त्यांचंच. नारळ तर पडतोच, चुडतही, म्हणजे माडाची वाळलेली झावळीही, जड असतं.

बाकी चार ओळी नवख्यांसाठी. रेल्वेने कुडाळला उतरावं, तिथून मालवण तीसेक किलोमीटर, पुढे तारकर्लीवरून देवबाग. एसटी आहे, रिक्षाही मिळते. रोख पैसे मालवणलाच काढावेत. 26 मे ते 31 ऑगस्ट प्रवासी होड्या बंद असतात. त्या काळात ‘काका, एकच फेरी’ असा हट्ट करणाऱ्यांच्या वतीने आम्हीच तुमची माफी मागतो. गाडी वाळूत उतरवून रुतवणाऱ्यांसाठी माफी नाही, पण चाकातली हवा कमी करून हळू काढावी, एक्सलेटर दाबत बसू नये.

कार्तिकात यायचं ठरतंय. हिशेब केला तर एकादशी पाण्याला अगदी छान पडत होती, सव्वाआठची भरती. मग आठवलं, एकादशीला काकींच्या चुलीवर मासे नाहीत. म्हणून द्वादशी धरली आहे. भरती नऊला, तेव्हा सातला होडीपाशी उभे असू. आठ मोठे, दोन लहान. लहानांची जाकिटं बाजूला काढून ठेवा.

तुमचे,
दर हंगामात येणारे पाहुणे