गुप्तदान नको, नावानिशी द्या : मानसिक आजार साहाय्य निधीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

इंदूरच्या आपल्या मंडळाने यंदाच्या वार्षिक सभेत मानसिक आजार साहाय्य निधी सुरू करायचं ठरवलं आहे. वर्षाला साधारण २ लाख रुपये लागतील असा अंदाज आहे, त्यासाठी हे आवाहन. एरवी आपल्या पत्रकांत "गुप्तदानही स्वीकारले जाईल" अशी ओळ असते. या वेळी ती मुद्दाम काढली आहे. मदत कुणाला मिळाली हे त्याचे डॉक्टर आणि मंडळाचे दोन विश्वस्त सोडून कुणालाही कळणार नाही. देणाऱ्याचं नाव मात्र गणेशोत्सवाच्या अहवालात रकमेसह छापलं जाईल. सभेत यावरून बरीच खडाजंगी झाली. "नावं छापलीत तर लोक म्हणतील, यांच्याच घरात कुणीतरी आहे," असं एक ज्येष्ठ सभासद म्हणाले. म्हणू द्या. असेलही.

माझ्या घरात मीच होते. नाटकाच्या तालमी असोत की कोजागिरीचं दूध, मंडळात मी कायम पुढे. तरी काही वर्षांपूर्वी मला तीव्र नैराश्याने गाठलं. लोकांना वाटतं, असा माणूस सारखा रडत असेल. मला रडूसुद्धा येत नव्हतं. ब्रशवर पेस्ट घेऊन बेसिनपाशी उभी राहायचे आणि पुढे काय करायचं तेच सुचायचं नाही. मग हे येऊन नळ बंद करायचे. भाजीवाल्याने "पाव की अर्धा?" विचारलं तर उत्तर देता यायचं नाही. पहाटे तीनला जी जाग यायची ती यायचीच.

घरच्यांनी नातेवाइकांना थायरॉईड सांगितलं. ते अगदीच हवेतलं नव्हतं. थायरॉईड कमी पडलं तरी अशीच मरगळ येते, म्हणून डॉक्टरांनी आधी तीच तपासणी करायला लावली होती. रिपोर्ट नॉर्मल आला, पण सांगणं तेच चालू राहिलं, कारण मुलीचं लग्न व्हायचं होतं. गोळ्या पाकिटातून काढून कॅल्शियमच्या डबीत भरून ठेवलेल्या असत. भेटायला येणाऱ्यांनी रामरक्षा, कुलदेवतेची ओटी, मेघदूत उपवनात सकाळची चक्कर, सगळं सुचवलं. "तुला काय कमी आहे गं?" हे तर प्रत्येकीने विचारलं. जवळच्याच एकांनी "बाणगंगेला न्यायची वेळ आणू नकोस" असं बजावलं. इंदूरकरांना याचा अर्थ सांगायला नको. बाणगंगेला सरकारी मानसिक चिकित्सालय आहे, माणसं तिथे बरी व्हायला जातात, आणि आपण त्या जागेची शिवी करून टाकली आहे.

मी गोळ्यांनी आणि समुपदेशनाने बरी झाले. गोळीचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि नेमकं तेवढ्यातच "काही फरक नाही" म्हणून लोक त्या सोडतात. बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने त्या चालू ठेवाव्या लागतात आणि बंद करायच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू. त्यांचं व्यसन लागत नाही. लोकांच्या डोक्यात झोपेच्या गोळ्या असतात, त्या वेगळ्या. एके दिवशी आमटीत मीठ कमी आहे हे मला कळलं आणि मी ते बोलून दाखवलं. मुलगी घास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली.

हे सगळं परवडलं म्हणून झालं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांसारखाच धरायला लावलं आहे. पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच खर्च देतात, आणि नैराश्याचे बहुतेक उपचार घरी राहून होतात. डॉक्टरांची फी, समुपदेशन, सोबतीच्या माणसाची बुडालेली रोजी, रिक्षाभाडं, हे सारं खिशातूनच जातं. निधी यासाठीच आहे. गोळ्या जनऔषधी केंद्रातून घेतल्या तर पुष्कळ स्वस्त पडतात; रक्कम खरी लागते ती समुपदेशनाला.

बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली, त्यात मध्य प्रदेश होता. वीसातल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आल्याचं त्यात दिसलं, आणि वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना होते. गणेशोत्सवात नाटकाला आपलं सभागृह भरतं तेव्हा चारशे माणसं बसतात. त्या हिशेबाने वीस जण आपल्यातलेच झाले, आणि मीठ कमी आहे हे कळूनही न बोलणारे त्यांच्या घरचे वेगळे.

पैशांइतकीच सोबत्यांची गरज आहे. पहिल्यांदा डॉक्टरांकडे जाताना कुणीतरी बरोबर लागतं, नाहीतर माणूस दवाखान्याच्या दारातून परत फिरतो. गाडी असलेले निवृत्त सभासद आणि दुपारी मोकळ्या असणाऱ्या भगिनी हव्या आहेत. आमचे समुपदेशक एका रविवारी तयारी करून घेतील. उपदेश करण्याची ज्यांना फारच हौस आहे, त्यांनी कृपया देणगीच द्यावी.

देणगी ५०० रुपयांपासून पुढे कितीही. रामबागेतल्या कार्यालयात रोज संध्याकाळी ६ ते ८ या वेळात रोख, चेक किंवा यूपीआयने घेतली जाईल आणि पावती लगेच मिळेल. आयकराची सवलत या निधीला अजून नाही. आई-वडिलांच्या स्मरणार्थ देणाऱ्यांनी तसं लिहावं, पण खाली स्वतःचंही नाव घालावं. स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी मदत हवी असेल त्यांनी अर्ज बंद पाकिटात आणून द्यावा. पाकिटावर नाव नको.

जगणं नकोसं वाटत असेल, तर अर्जाच्या निकालाची वाट पाहू नका. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आधार सेवेचा फोन क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. तो कार्यालयाच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लावला आहे. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावायला छापील प्रती हव्या असतील तर त्याही तिथेच मिळतील.

आपली,
सहसचिव
(कार्यकारिणीच्या वतीने)