घरी आल्यानंतरच्या दिवसांसाठी, सिस्टर, तुमचे आभार

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांचे आभार मानले, त्यात तुमचेही मानले होते. पण तुमचं माझ्यासाठीचं खरं काम तेव्हा जेमतेम सुरू झालं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. लिव्हर ट्रान्सप्लांट म्हणजे ऑपरेशन पार पडलं की झालं, अशीच आमच्या घरात सगळ्यांची समजूत. नवं लिव्हर रोज सांभाळावं लागतं आणि ते ज्याचं त्यानेच सांभाळायचं असतं, हे तुम्ही माझ्या अंगवळणी पाडलंत. हे पत्र उघड लिहिते आहे, कारण तुमच्यासारख्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर पेशंटसाठी काय काय करतात याची बाहेर फारशी कुणाला कल्पना नसते.

गोळ्यांचा डबा आठवतो? वॉर्डातच तो माझ्यासमोर ठेवलात आणि म्हणालात, "हा तुम्हीच भरायचा, मी नुसती बघणार." नवरा मदतीला पुढे झाला, तर त्याला हाताने खूण करून बसवलंत. शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून दिलेल्या टॅक्रोलिमस या औषधामुळे माझी बोटं थरथरत होती. कॅप्सूल चिमटीत धरली की निसटायची, गादीवर पडायची, पुन्हा उचलायची. तुमच्यामागे दहा पेशंट ताटकळले असतील, तरी शेवटचा कप्पा भरून होईपर्यंत तुम्ही खुर्चीवरून उठला नाहीत. मग सांगितलंत की ही थरथर औषधाची आहे, घाबरायचं नाही, गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, आम्हाला सांगायचं.

आणि नुसतं 'वेळेवर घ्या' म्हणून सोडून दिलं नाहीत. दुसऱ्याचं लिव्हर आपलं नाही हे शरीर सहसा विसरत नाही, म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवावी लागते. रक्तातली औषधाची पातळी कमी पडली तर शरीर लिव्हर नाकारू शकतं, जास्त झाली तर किडनीवर ताण येतो. म्हणून १२ तासांचं अंतर. म्हणूनच तपासणीच्या सकाळी आधी रक्त द्यायचं आणि मग गोळी घ्यायची, कारण पुढच्या डोसच्या आधीची, सगळ्यांत खालची पातळी मोजायची असते. कारण कळलं की नियमाचा जाच वाटत नाही. माझ्या बाबतीत तरी तसंच झालं.

तुमची एक गोष्ट तर मी भेटेल त्या पेशंटला सांगते. रिजेक्शन, म्हणजे शरीराने लिव्हर नाकारणं, सुरू होतं तेव्हा बहुतेक वेळा काहीच दुखत नाही. माणूस हिंडतोय, फिरतोय, जेवतोय, आणि रिपोर्टमध्ये मात्र लिव्हरची एन्झाइम्स वाढलेली. लवकर लक्षात आलं तर बहुतेकदा औषधं वाढवून ते आटोक्यात येतं. त्यामुळे 'आता बरं वाटतंय' म्हणून रक्ततपासणी पुढे ढकलायची नाही. मीही ढकलत नाही.

फोनचं काय सांगू! अंग दुखतंय, कुठली गोळी घेऊ? आयब्युप्रोफेन नको, टॅक्रोलिमसबरोबर किडनीला धोका, हे त्या वेळी कळलं. कुणी 'लिव्हरला चांगलं' म्हणून मोठ्या प्रेमाने वनौषधीची बाटली आणून दिली, तेव्हाही तुम्हालाच विचारलं. ग्रेपफ्रूट आणि पपनस का वर्ज्य, तर त्यांनी रक्तातलं औषध वाढतं. गोळी घेतल्यावर उलटी झाली तर काय करायचं, एखादी वेळ चुकली तर पुढची दुप्पट घ्यायची का, याचं उत्तर तुम्ही आधीच दिलं होतंत: दुप्पट कधीच नाही, आधी फोन. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर घड्याळाकडे बघायचं नाही, रात्र असली तरी कळवायचं. माझा कुठलाही प्रश्न तुम्ही फालतू ठरवला नाहीत. त्या दिवसांत एखादी जरी आठी जाणवली असती, तरी मी विचारणं थांबवलं असतं.

आईला तुम्ही सांभाळलंत, त्याचे आभार वेगळे. इन्फेक्शनच्या धास्तीने तिने मला खोलीत जवळजवळ कोंडूनच ठेवलं होतं. पहिले सहा महिने औषधांचा जोर मोठा, तेव्हा जपायला हवं हे खरंच होतं. पण कुणी दारात आलं तरी तिच्या पोटात गोळा यायचा. तुम्ही तिला शेजारी बसवून समजावलंत. सर्दी-खोकला असलेल्यांनी येऊ नये, बाकीच्यांनी हात धुऊन खुशाल यावं. घरातल्यांनी फ्लूची लस घ्यावी, मला मात्र जिवंत विषाणूंची लस चालणार नाही. जेवण ताजं आणि नीट शिजलेलं, अर्धकच्चं मांस-मासे-अंडी नकोत, दूध न उकळलेलं, न पाश्चराइझ केलेलं नको. एवढं पाळलं की पोरीला मोकळं सोडा, म्हणालात. त्या संध्याकाळी आई माझ्याबरोबर बाहेर चालायला आली.

आता जे बोलायला मला सगळ्यांत जड गेलं, त्याबद्दल. स्टेरॉइडमुळे झोप उडते, चिडचिड होते, हे माहीत होतं. पण माझं रडणं वेगळं होतं. कुणाच्या तरी घरातलं माणूस गेलं म्हणून मी आहे, हा विचार डोक्यातून जाईना. सगळे आनंदात असताना हे बोलायचं कुणाजवळ? तुम्ही रिपोर्टची फाइल मिटवून विचारलंत, "मनाने कशा आहात?" त्या प्रश्नाची मी किती वाट बघत होते, ते तो ऐकल्यावर कळलं. असं पुष्कळ पेशंटना वाटतं, आणि त्यासाठीही उपचार आहेत, असं म्हणून तुम्ही त्याच दिवशी समुपदेशकांची वेळ घेऊन दिलीत. उपदेश केला नाहीत, 'देवाचे आभार माना' म्हणाला नाहीत. माझ्या मते लिव्हरच्या प्रत्येक तपासणीबरोबर हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे.

आणि माझी बाग! मातीतल्या बुरशीचा धोका म्हणून सुरुवातीला तुम्ही ती बंद केलीत, तेव्हा मी फार हिरमुसले होते. पुढे डॉक्टरांना विचारून परवानगी दिलीत ती अटींसकट: हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या, टोपी. सनस्क्रीन तर हवंच, कारण या औषधांनी त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो. जड कुंड्या उचलायला तेव्हाही मनाई होती, टाक्यांच्या जागी हर्निया होऊ नये म्हणून. तेव्हाच तुम्ही सांगितलंत की टॅक्रोलिमस मुळात मातीतूनच आलं आहे; १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबा इथल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून. त्या दिवशी गोळी हातात घेऊन मी कितीतरी वेळ बघत बसले होते.

सिस्टर, आता तब्येत चांगली आहे. हात फारसे थरथरत नाहीत, डबा मीच भरते. तुमच्याकडे नवीन पेशंट येतील, घरी जायला घाबरणारे, किंवा सगळे आनंदात असताना आतून खचलेले. त्यांना कुणाशी बोलावंसं वाटलं तर बेलाशक माझा नंबर द्या. औषधाचं काही विचारलं तर मी तुमच्याकडेच पाठवीन. बाकी हवं तितका वेळ ऐकून घेईन.

तुमची,
एक लिव्हर पेशंट