पायरी एक की दोन?

मुंबई,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

परवा फोनवर आई दोनदा म्हणाली, "आवाज असा का येतोय तुझा?" आणि मी दोन्ही वेळा रेंजवर ढकललं. रेंज चांगली होती. आमचे लालबागचे काका गेले. ललितापंचमीच्या रात्री, झोपेतच. फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "कोण काका?" विचारलं असतं, मी सांगायला लागले असते, तेवढ्यात बातम्या सुरू झाल्या असत्या आणि फोन आईकडे गेला असता. म्हणून लिहितेय. शिवाय बाबांना एक विचारायचंय. ते शेवटी.

बाबा, तुमच्या लेखी ते "खेळण्यातल्या आगगाड्या करणारे गृहस्थ". मीही त्यातलीच. कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आठवतं? मी नववीत होते. गाड्या सुरू झाल्या तशी मी कठड्याला चिकटले, आणि तुम्ही सारखं घड्याळ बघत होतात, कारण स्वारगेटहून एसटी गाठायची होती. तेव्हा राग आला होता तुमचा. पण बाबा, या खुळाचं मूळ तुमच्याकडेच आहे. दिवाळीत किल्ला करायला कोणी शिकवलं? चिखलात पोतं भिजवून डोंगर कसा उभा करायचा, अळीव कधी पेरले म्हणजे पाडव्याला हिरवळ येते, हे तुम्हीच दाखवलंत. मी किल्ल्याखालून आगगाडीचा बोगदा काढायचा हट्ट धरला आणि बुरूज मावळ्यांसकट खाली आला. आमचा छंद म्हणजे तो किल्लाच, फक्त दिवाळी संपल्यावर मोडायचा नसतो.

काका माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात सुतार होते. ते वर्कशॉप १९१५ सालचं. थकलेले डबे तिथे येतात, उघडले जातात आणि पुन्हा धडधाकट होऊन बाहेर पडतात. काकांची सगळी नोकरी त्यात गेली. राहायला लालबागला चाळीत, दीड खोली. आता दीड खोलीत रेल्वे कुठे मांडणार? काकांनी ती छताला टांगली. सहा बाय चारचं प्लायवूड, चार कोपऱ्यांना चार दोर, चार कप्प्या. रविवारी दुपारी जेवणं झाली की पलंग भिंतीला लावायचा, दोर सोडायचे आणि भोर घाट हळूहळू खाली यायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी उंबऱ्यातच उभी राहिले. आत पाय ठेवायला जागाच नव्हती. काकी पलीकडे, ओटा आणि घाट यांच्या मधल्या फूटभर जागेत उभ्या असायच्या. आम्हाला वाटायचं, बिचाऱ्या अडकल्यात.

डोंगर गणपतीच्या कारखान्यातून आणलेल्या उरल्यासुरल्या प्लास्टरचा. माती म्हणजे वाळवलेला चहाचा चोथा. (त्याला मुंग्या लागतात, काका हळद मिसळायचे.) चढ मात्र खरा, सदतीसास एक. भोर घाटात तसाच आहे, सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. आई, कर्जतला आपण वडा खातो तेव्हा गाडीला मागून इंजिनं लागतात ना, ती याचसाठी. काकांच्या गाडीलाही मागून एक लागायचं. दोन्ही इंजिनांचा वेग जुळेपर्यंत त्यांनी दोन पावसाळे घालवले, नाहीतर मधले डबे रुळावरून उडी मारायचे.

त्यांचं लाडकं इंजिन म्हणजे खेकडा. घाटात मालगाड्या ओढणारं जुनं विजेचं इंजिन, दोन्हीकडे लांब नाक आणि चाकांना जोडणारे दांडे. रेल्वेवाल्यांनीच त्याला खेकडा नाव पाडलेलं. काका सांगायचे, ते नुसतं उभं असलं तरी कण्हायचं. त्यांनी ते पितळी पत्र्यातून कापून, डाग देऊन केलं. मोटार एका भंगारातल्या सीडी प्लेअरची. तेही कण्हायचं, पण ते मोटारीमुळे.

आता थोडं तांत्रिक सांगते, बाबा, कंटाळू नका, तुम्हाला विचारायच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर. आम्ही करतो ती एचओ मापाची गाडी खऱ्याच्या सत्त्याऐंशी पट लहान. म्हणजे आमच्या रुळांत १९.३ मिलिमीटर हवेत. पण बाजारात तयार मिळतो तो १६.५ चा रूळ, कारण तो विलायतेतल्या १४३५ च्या गेजवरून काढलेला. आम्ही सगळे मुकाट्यानं त्यावरच आपली गाडी चालवतो. बघणाऱ्याला कळत नाही. काकांना कळायचं. "नऊवारी नेसून उंच टाचांचे सँडल घातल्यासारखी दिसते गं," म्हणायचे. म्हणून त्यांनी सगळा रूळ हातानं घातला. लॅमिंग्टन रोडवरून तांब्याचा मुलामा असलेले बोर्ड आणायचे, त्याच्या काडीएवढ्या पट्ट्या कापायच्या, त्या स्लीपर म्हणून मांडायच्या आणि त्यांवर रूळ डाग देऊन जोडायचे. प्रत्येक पट्टीचं तांबं मध्ये करवतीनं चिरावं लागतं, नाहीतर दोन्ही रूळ एकमेकांना चिकटल्यासारखेच, लगेच शॉर्ट. एका रविवारी मी मदतीला बसले आणि एक पट्टी चिरायची विसरले. एक! दोनशेतून ती शोधायला संध्याकाळ झाली. काका काही बोलले नाहीत. पट्टी उपसून काढली आणि माझ्या हातावर ठेवली. ती अजून माझ्या पाकिटात आहे, आधार कार्डाच्या मागे.

हट्टी तर इतके! आमच्यात बाकी सगळ्यांनी डिजिटल कंट्रोल घेतला, इंजिनात चिप बसवायची आणि मोबाइलवरून गाडी चालवायची. काका साध्या बारा व्होल्ट डीसीवर. मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि हार्बरनं डीसी सोडून एसी घेतलं ते थेट २०१६ मध्ये. "मुंबईनं सोडलं, मी नाही सोडणार," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. यंदाच्या ३ फेब्रुवारीला शंभर वर्षं झाली म्हणून त्यांनी आम्हा सगळ्यांना पेढे वाटले. नातू झाल्यासारखे.

गणपतीत तर ती चाळीतली आरासच असायची. घाटाच्या कुशीत बाप्पा, आणि मालगाडीच्या उघड्या वाघिणींतून खडीसाखर. दर्शनाला आलेल्यानं हात पुढे करायचा, गाडी समोर येऊन थांबायची. यंदाही केली होती. यंदा मी गेले नाही. ऑफिसचं क्लोजिंग होतं. ऑगस्टमध्ये कसलं आलंय क्लोजिंग, पण होतं.

तेरावं झाल्यावर काकींचा निरोप आला, शनिवारी या, एकदा चालवा. आम्ही चौघं गेलो, म्हणजे काल. दोर सोडले. कप्प्यांना त्यांनी अलीकडेच तेल दिलेलं दिसत होतं. कंट्रोलर लावला, खेकडा रुळावर ठेवला, मागे चार वाघिणी. गाडी निघाली, वळली, बोगद्यात शिरली, आणि कंट्रोलरचा लाल दिवा. शॉर्ट. गाडी बाहेर काढली, चाकं स्पिरिटनं पुसली, रूळ पुसले, पुन्हा सोडली. बोगद्यात शिरते, आणि तोंड बाहेर काढायच्या आत लाल दिवा. तिसऱ्यांदा तेच. मग एक जण टॉर्च घेऊन बोर्डाखाली झोपला. खाली सगळ्या वायरी लाल. एकही चिठ्ठी नाही, नंबर नाही. काकांना कुठूनतरी लाल वायरचं अख्खं रीळ मिळालेलं, ते त्यांनी संपवलं. आमच्यातले एक जण वायरिंगचे तज्ज्ञ, त्यांनी बराच वेळ डोकं लावलं आणि म्हणाले, हे उघडल्याशिवाय कळायचं नाही.

काकी ओट्यापाशी त्यांच्या नेहमीच्या जागेवर होत्या. चहा गाळता गाळता म्हणाल्या, "सात मोजलेत का?"

आम्ही बघतच राहिलो. त्यांनी गाळणी ठेवली, पदराला हात पुसला आणि न वाकता बोर्डाच्या खाली, त्यांच्या बाजूला, हात घातला. तिथे खटका होता. सहा पायांचा, साधा. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बोगद्याच्या आत रूळ फुगा काढून वळतो आणि स्वतःलाच येऊन मिळतो, म्हणजे गाडी तोंड फिरवून त्याच वाटेनं परत येते. पण असा रूळ फिरून आला की डावा उजव्याला मिळतो, धन ऋणाला, आणि शॉर्ट. म्हणून तो फुगा दोन्ही टोकांना तोडून वेगळा ठेवतात, आणि गाडी त्याच्या आत असतानाच बाहेरच्या रुळांचा प्रवाह उलटा करायचा, सांधाही बदलायचा. बोगदा बंद, गाडी दिसत नाही. म्हणून मोजायचं. बोर्ड मध्ये आल्यावर काकांचा हात तिकडे पोहोचायचा नाही. म्हणून काकी.

"पहिल्या दिवसापासून माझंच काम ते," म्हणाल्या. "मालगाडीला सात, पॅसेंजरला पाच. त्यांनी मोजलं तर चुकायचं, ते गोष्टी सांगत बसायचे."

इतकी वर्षं आम्ही त्यांना "काकी, आम्ही तुमचा रविवार खाल्ला" म्हणत माफी मागत होतो. त्यांनीही कधी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही म्हणा. मग त्यांनी सात मोजले, ओठांतल्या ओठांत, खटका पाडला, आणि खेकडा कण्हत बोगद्यातून बाहेर आला. दोन फेऱ्या झाल्या. तिसरी नको म्हणाल्या. चहा पार गार झाला होता, तो पुन्हा उकळला.

चाळ पाडून टॉवर व्हायचा आहे, संक्रमण शिबिरातल्या खोलीला तर पत्र्याचं छत. तिथे कप्पी कुठे लावणार? बोर्डाचं काय करायचं ते दिवाळीनंतर ठरवू म्हणाल्या. पण निघताना त्यांनी माझ्या हातात मिठाईचा एक खोका दिला. "हे तुझ्यासाठी बाजूला काढलं होतं त्यांनी, तुझ्या उत्तरासाठी थांबलं होतं."

आत एक डबा आहे. ब्रॉडगेजचा नाही. आपल्या बार्शी लाइटचा.

बाबा, दोन वर्षांपूर्वी मी त्यांना सहज बोलले होते, माझे बाबा बार्शीहून कुर्डुवाडीच्या शाळेत रोज त्या छोट्या गाडीनं जायचे. तेव्हापासून ते पेटले होते. १८९७ ची लाइन, अडीच फुटांचा रूळ. ७६२ मिलिमीटर भागिले ८७ त्यांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर केलं, पावणेनऊ आले, आणि बाजारात नऊचा तयार रूळ मिळतो! "आयुष्यभर मोठ्या गाडीसाठी रूळ घासत बसलो, आणि तुमची बार्शी बघ, आयतीच बसली." डबा जवळजवळ पूर्ण आहे. सागाच्या पापुद्र्याची बाकं, नखाएवढ्या खिडक्या, त्यांना गज. रंगही दिलेला नाही आणि दाराखाली पायऱ्याही नाहीत. खोक्याच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवलेली आहे, त्यांच्या सुतारी पेन्सिलीनं लिहिलेली: "पायरी एक की दोन? बार्शीच्या मास्तरांना विचारणे."

त्यांनी मला हे चारपाच वेळा विचारलं होतं. फोटोत फलाटाची कड आड येते, कळत नाही, म्हणायचे. मी दर वेळी "विचारते" म्हणायचे. फोनवर तुमच्या गोळ्या, आईचा गुडघा, पाण्याची पाळी, एवढं बोलून व्हायचं आणि हे राहून जायचं.

तर बाबा, तेवढं आठवून सांगा. दाराखाली पायरी एक होती की दोन, लाकडाची की लोखंडी, आणि डब्याचा रंग तुमच्या वेळी कोणता होता. आठवेल तसं कागदावर काढून ठेवा, चित्र बिघडलं तरी चालेल. लातूर एक्स्प्रेसचं तिकीट अजून वेटिंगवर आहे, पण धनत्रयोदशीपर्यंत मी पोहोचते. डबा बरोबर आणतेय. आई, भाजणी पाठवू नकोस, मी तिथेच येऊन खाईन. आणि बाबांना नाहीच आठवलं तर तू आठव. लग्न झाल्यावर सोलापूरहून येताना कुर्डुवाडीला गाडी बदलून तू त्याच डब्यात चढली होतीस, शालूचा काठ कशात तरी अडकून फाटला होता म्हणतेस ना, तो वरच्या पायरीत की खालच्या?

तुमची,
ताई