सूचकाची जागा कोरी ठेव

प्रिय वसंता,

तुझ्या पत्राला पाच महिने उत्तर नाही. गुडघे तसेच, साखर आटोक्यात. रागावला असशील तर रागाव, पण हे शेवटपर्यंत वाच.

काल लेकीने पिट्सबर्गजवळच्या वॉशिंग्टनला नेलं. राजधानी नव्हे, पेनसिल्व्हेनियातलं लहान गाव. तिथे डॉ. फ्रान्सिस लेमॉइनचं दगडी घर पाहिलं आणि तूच डोळ्यांपुढे आलास. बापही डॉक्टर, घर त्याने १८१२ साली बांधलेलं. पोराचा दवाखाना होता, पण गुलामगिरी बघवेना म्हणून राजकारणात उतरला. पळून आलेल्या गुलामांना याच घरात आसरा. १८५० च्या कायद्याने त्यासाठी हजार डॉलर दंड आणि सहा महिने कैद होती, तरीही! गव्हर्नरकीला तो उभा राहिला १८४१, १८४४ आणि १८४७ साली. तिन्ही वेळा पडला.

तीनदा, वसंता! तू एकदाच पडलास, तर मी ओट्यावर सगळ्यांदेखत म्हणालो, "पेशंट सोडून ही हौस कशाला?" तू चहा अर्धा टाकून उठलास. त्याआधी अर्जावर सूचकाची सही मागितलीस, तेव्हा मी नोकरीचं कारण पुढे केलं. नोकरीचं काही नव्हतं रे. तू पडणार आणि लोक मलाही हसणार, एवढीच भीती. ती अजून गेलेली नाही, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? काल त्या घरात उभा होतो तेव्हा मात्र तो अर्धा कप डोळ्यांपुढून हलेना.

हरूनही हा माणूस थांबला नाही. १८६६ च्या दंगलीत मेम्फिसमधल्या कृष्णवर्णीयांच्या शाळा जळाल्या, तर पुढे तिथल्या शाळेला वीस हजार डॉलर दिले. पुरलेल्या प्रेतांनी पाणी नासतं म्हणून १८७६ साली स्वखर्चाने दाहिनी बांधली, अमेरिकेतली पहिली. १८७९ साली त्याचंही दहन तिथेच झालं. अण्णा असते तर म्हणाले असते, "शेवटी आमच्याच वाटेला आले ना!"

वहिनींचं मोतीबिंदू झालं का? चिन्याचं ठरलं म्हणे, छान.

तू पुन्हा अर्ज भरतोयस, असं बाळूकडून कळलं. मला तू सांगितलं नाहीस, ते बरोबरच केलंस. पण यादीत माझं नाव अजून आपल्याच प्रभागात आहे. २० तारखेला पोचतो. सूचकाची जागा तोवर कोरी ठेव.

तुझा,
शरद