तक्रार: केबिनमधली रंगीत रोषणाई रात्री बंद करता येत नाही

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: सॉफ्टवेअर अपडेटनंतर ॲम्बियंट लाइट बंद करण्याची सोय काढून टाकल्याबाबत

महोदय,

तुमच्या कंपनीची गाडी मी बहुतेक रात्रीच्या प्रवासाला वापरतो. अलीकडच्या अपडेटनंतर ॲम्बियंट लाइट पूर्ण बंद करण्याचा पर्याय मेनूतून गायब झाला आहे. सगळ्यात मंद पातळी ठेवली तरी दारांवरच्या पट्ट्या आणि डॅशबोर्डखालची निळी रेघ पेटलेलीच राहते. रंग बदलला तर गाडी पुन्हा सुरू करताना तो पुसला जातो आणि निळा परत येतो. स्पोर्ट मोड, म्हणजे गाडी जोरात पळवण्याची सेटिंग, घेतला की सगळी केबिन लाल होते. सर्व्हिस सेंटरने ‘डिझाइनच तसं आहे’ एवढं सांगून गाडी परत केली.

ही गाडी निवडताना मला याच रोषणाईने ओढून घेतलं होतं. दाराच्या कडेने गेलेल्या मंद उजेडामुळे केबिन आहे त्याहून रुंद वाटत होती, सीटची शिवण उठून दिसत होती आणि आत बसल्याबसल्या मन निवांत झालं होतं. तुमच्या डिझाइनरांचं हे कसब मी मनापासून मानतो. पण शोरूममध्ये गाडी उभी असते आणि गिऱ्हाईक आत बघत असतं. रस्त्यावर चालकाला बाहेर बघायचं असतं, तेही काळोखात.

काळोखात आपण मुख्यतः डोळ्यांतल्या दंडाकार पेशींच्या भरवशावर पाहतो. त्या अंधाराला पूर्ण सरावायला अर्धा तास लागू शकतो, आणि त्या सर्वाधिक संवेदनशील असतात ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या, म्हणजे निळसर-हिरव्या उजेडाला. म्हणून दिवसा सौम्य वाटणारी तुमची निळी रेघ रात्री डोळ्यांत खुपते. निळा उजेड डोळ्याच्या आत जास्त विखुरतो, त्याच्या कडा नीट फोकस होत नाहीत, आणि वय वाढतं तसा हा त्रासही वाढतो. त्यात गिअरभोवतीचं चकचकीत काळं पॅनल! पट्ट्यांचं प्रतिबिंब त्यात पडतं आणि बाजूच्या काचेतही, नेमकं जिथून मी आरसा बघतो तिथे. रस्त्याकडेने चालणारा माणूस त्या प्रतिबिंबामागे क्षणभर हरवतो. माझी सगळ्यात मोठी भीती हीच आहे.

ग्राहक सेवेच्या उत्तरात लिहिलं आहे की निळा प्रकाश चालकाला जागं ठेवतो. ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड मेलाटोनिन हे झोप आणणारं संप्रेरक दाबतो आणि तरतरी आणतो, हे खरं आहे. पण जागं असणं आणि समोरचं दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय रात्री घरी पोचल्यावर मला झोपायचं असतं.

लाल रंगाचंही सांगतो. मंद लाल उजेड रात्रीच्या नजरेला फारसा बाधत नाही, पण तुमचा लाल मंद नाही. तो सगळीकडून अंगावर येतो. ओव्हरटेक करताना मला डोकं थंड हवं असतं, आणि तुमची गाडी नेमकी त्याच वेळी मला डिवचते. चालकाच्या मनावर रोषणाईचा परिणाम होतो असं जाहिरातीत सांगता, तर तो परिणाम कोणत्या दिशेने होतो याची जबाबदारीही तुमचीच आहे.

हे जमणारं काम आहे. बीएमडब्ल्यूने वर्षानुवर्षे डॅशबोर्डला नारिंगी-तांबूस उजेड दिला. साब या स्वीडिश कंपनीच्या गाड्यांत १९९० च्या दशकात ‘नाइट पॅनल’चं बटण होतं. ते दाबलं की वेगमापक तेवढा उजळलेला राहायचा, बाकीचे काटे गरज पडेपर्यंत काळोखात.

तुमच्या गाडीत मात्र रोषणाई नुसती मंद करायची तरी टचस्क्रीनवर एकामागून एक पानं उघडावी लागतात. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा संस्थेच्या, एनएचटीएसएच्या, २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गाडीतलं उपकरण वापरताना एकावेळी नजर रस्त्यावरून साधारण २ सेकंदांपेक्षा जास्त हटू नये. ताशी ८० किलोमीटर वेगात तेवढ्या वेळात गाडी ४४ मीटर पुढे गेलेली असते.

माझ्या मागण्या अशा. ॲम्बियंट लाइट पूर्ण बंद करण्याचा पर्याय परत द्या, आणि निवडलेला रंग व पातळी गाडीच्या लक्षात राहू द्या. स्पोर्ट मोडचा रोषणाईशी असलेला संबंध तोडता आला पाहिजे. पुढच्या मॉडेलमध्ये उजेड कमी-जास्त करायला हाताला चाचपून सापडेल असं गोल बटण ठेवा आणि चकचकीत पॅनलच्या जागी मॅट. हे अपडेट यायला वेळ लागणार असेल तर तोवर माझ्या गाडीत जुनी आवृत्ती परत टाकून द्या. सर्व्हिस सेंटरला तशी लेखी सूचना करून तिची प्रत मला पाठवावी.

कळावे,
आपला ग्राहक